लायसन्सवर नाव तुमचं, काउंटरवरही तुम्हीच: कोल्हापुरात फार्मसी चालवण्याची वाट

डी.फार्म. किंवा बी.फार्म.चा निकाल लागला की घरातनं आणि पाहुण्यांकडनं दोन सल्ले हमखास येतात. पहिला, "पुण्या-मुंबईला कंपनीत बघ." दुसरा जरा हळू आवाजात येतो, "सर्टिफिकेट कुणाच्या तरी दुकानाला लाव, महिन्याला पैसे घे, आणि तुझं तू दुसरं काम कर." पहिल्या सल्ल्यात वाईट काही नाही. दुसऱ्यानं मात्र आपल्या धंद्याची पत घालवली. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट, काउंटरवर दहावी झालेला पोरगा आणि फार्मासिस्ट कुठंतरी सोसायटीत नोकरीला, अशी दुकानं शहरात आहेत, तालुक्याला तर जास्तच.

हा लेख स्वतः काउंटरमागं उभं राहणाऱ्यांसाठी आहे. दुकान स्वतःचं असो वा दुसऱ्याचं, तिथली औषधाची जबाबदारी तुमची असणार आहे. जागा, माल, माणसं, सवलत, उधारी हे पुढचे सगळे निर्णय त्या एका गोष्टीवर ठरतात.

शिक्षण आणि नोंदणी

बारावी सायन्स झालेल्यांसमोर दोन सरळ रस्ते आहेत. डी.फार्म. दोन वर्षांचं, त्यानंतर किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. बी.फार्म. चार वर्षांचं, प्रवेश एमएचटी-सीईटीतून. नुसतं दुकानच चालवायचं असेल तर डिप्लोमा पुरतो. पण औषध निरीक्षकाची एमपीएससी, कंपनी किंवा पुढचं शिक्षण हे दरवाजे उघडे ठेवायचे असतील तर पदवी घ्या. घरची ऐपत असेल तर मी पदवीच घ्यायला सांगतो. कोल्हापूरच्या मुलांना त्यासाठी लांब जायला लागत नाही. शहरात भारती विद्यापीठाचं कॉलेज आहे, वारणानगरला तात्यासाहेब कोरे, पेठ वडगावला अशोकराव माने.

शिक्षण झाल्यावर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. नोंदणी नसेल तर डिग्री असूनही तुम्ही चिठ्ठीवरचं औषध देऊ शकत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ तेच सांगतं. डिप्लोमावाल्यांसाठी २०२२ च्या नियमावलीनं एक्झिट परीक्षा, म्हणजे नोंदणीच्या आधी द्यायची परीक्षा, आणली आहे. ती तुमच्या बॅचला कशी लागू होते हे कॉलेजच्या कट्ट्यावर न विचारता कौन्सिलकडून लेखी विचारून घ्या.

ते ५०० तास सही-शिक्क्यापुरते उरकू नका. अख्ख्या अभ्यासक्रमात खरा माणूस समोर उभा राहतो तो त्या तासांतच.

आधी दुसऱ्याच्या दुकानात

निकाल लागल्या लागल्या वडिलांचा पीएफ मोडून दुकान टाकू नका. दोन वर्षं तरी दुसऱ्याकडं काम करा, आणि जमलं तर दोन तऱ्हेच्या जागी. एक हॉस्पिटलला लागून असलेलं दुकान. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत हॉस्पिटलच्या गल्ल्या कमी नाहीत. तिथं इंजेक्शनं, सलाईन, ऑपरेशनचा माल आणि चिठ्ठ्या वाचण्याचा वेग हातात बसतो. दुसरं वस्तीतलं दुकान, म्हणजे कसबा बावडा, कळंबा, फुलेवाडी, उचगाव अशा भागातलं. तिथं तीच माणसं दर महिन्याला शुगर-बीपीच्या गोळ्यांना येतात. त्यांची नावं, त्यांच्या सुना, त्यांची अर्धवट सोडलेली औषधं सगळं कळतं.

नोकरी धरताना मालकाला एकच प्रश्न विचारा: "मी नको म्हटलं तर ते औषध जाणार नाही ना?" उत्तर देताना मालक हसला तर दुसरं दुकान बघा. लायसन्सवर प्रभारी म्हणून तुमचं नाव असताना त्या काउंटरवरून काही चुकीचं गेलं, तर खुलासा तुम्हालाच द्यायचा आहे.

आणि नोकरी सोडताना राजीनाम्याची एक प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या, पोच घ्या. फार्मासिस्ट बदलला की मालकानं एका महिन्याच्या आत कळवायचं असतं, पण सगळे कळवतात असं नाही. तुम्ही कागलला दुसरीकडं रुजू झालेला असता आणि शहरातलं जुनं दुकान तुमच्याच नावावर चालू असतं.

जागा आणि परवाना

किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी जागा किमान १० चौरस मीटर लागते, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. घाऊक आणि किरकोळ दोन्ही एकत्र करायचं तर १५ चौरस मीटर. फ्रिज हवा. बहुतेक औषधांसाठी फॉर्म २०, आणि इन्सुलिन, लसी वगैरेंसाठी फॉर्म २१ चा परवाना. अर्ज फॉर्म १९ वर, फी प्रत्येकी १,५०० रुपये. जागेचा करार, नकाशा, फ्रिजचं बिल, फार्मासिस्टचं नोंदणीपत्र आणि नेमणूकपत्र ही फाईल तयार ठेवली की औषध निरीक्षकाची जागेची पाहणी सुरळीत होते. २०१७ पासून परवाना नूतनीकरणाची भानगड गेली. परवाना चालू ठेवायला दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी भरायची. ती तारीख मोबाईलमध्ये आजच घाला, पाच वर्षांनी ती कुणालाही आठवत नाही. शॉप ॲक्ट आणि जीएसटी तुमचा सीए बघेल.

जागा निवडण्यावर मात्र महिना घालवा. हॉस्पिटलच्या दारातली जागा दिसायला सोन्याची असते, पण तिचं डिपॉझिट, भाडं आणि वर 'समजून घ्या' असं म्हणत मागितलेले टक्के मोजून बघा. ते टक्के द्यायचे ठरले की तुमचा काउंटर डॉक्टरच्या किंवा हॉस्पिटल-मालकाच्या मर्जीवर चालतो. चिठ्ठीत काही चुकलं तरी फोन करायला जीभ रेटत नाही. माझं मत वस्तीच्या बाजूनं आहे. पहिली दोन वर्षं ओढाताण होते, पण गिऱ्हाईक तुमचं असतं.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे पुराची रेषा. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं हे घरमालक सांगणार नाही, शेजारचा पानपट्टीवाला सांगेल. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीचा खालचा भाग, व्हीनस कॉर्नर अशा ठिकाणी जागा घेत असाल तर जोत्याची उंची मोजा आणि खालच्या दोन फळ्यांवर औषधं ठेवायची नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरवा.

जनऔषधी केंद्र हाही एक पर्याय आहे. मार्जिन एमआरपीवर २० टक्के मिळतं, माल एकाच ठिकाणाहून येतो. परवाना आणि फार्मासिस्टची अट तीच.

माल

पहिली ऑर्डर भरताना स्टॉकिस्टचा (घाऊक विक्रेत्याचा) माणूस आणि एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) तुम्हाला 'दहावर एक' फुकटच्या स्कीमनं वेडं करतील. स्कीमच्या नादानं भरलेला माल आठ-नऊ महिन्यांनी फळीवरून तुमच्याकडं बघत बसतो. आजूबाजूच्या चार-पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर काय असतं ते आधी बघा, तेवढंच भरा, आणि बाकीचं शॉर्टबुकावर सोडा. गिऱ्हाइकानं मागितलं आणि नव्हतं, असं प्रत्येक औषध त्याच वेळी शॉर्टबुकात लिहायचं. संध्याकाळी आठवून लिहिलेलं शॉर्टबुक कामाचं नसतं.

फळीवर मांडताना आधी एक्स्पायर होणारं पुढं. महिन्यातून एकदा एक्स्पायरी तपासायची, आणि तीन महिने उरलेला माल वेगळ्या खोक्यात काढून स्टॉकिस्टकडं परतीला पाठवायचा.

पट्टी कापण्याचीही एक रीत आहे, ती मदतनीस पोरांना पहिल्याच दिवशी दाखवा. बॅच नंबर आणि एक्स्पायरी पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. कापायचं ते दुसऱ्या टोकाकडून. छापलेलं टोक शेवटपर्यंत दुकानातच राहिलं पाहिजे. नाहीतर डब्यात चार गोळ्यांचा तुकडा उरतो आणि तो कशाचा, कधीचा, हे कुणालाच सांगता येत नाही. असा तुकडा विकायचा नाही, फेकायचा. गिऱ्हाइकाला कापून दिलेल्या तुकड्यावर एक्स्पायरी येत नाही, म्हणून त्याच्या पाकिटावर हातानं औषधाचं नाव, बॅच आणि एक्स्पायरी लिहा.

फ्रिज २ ते ८ अंशांत. आत थर्मामीटर ठेवा, सकाळी-संध्याकाळी आकडा वहीत लिहा. इन्सुलिन दाराच्या कप्प्यात नको आणि फ्रीझरला चिकटूनही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी बाद. आणि त्या फ्रिजात दुधाची पिशवी ठेवू देऊ नका, मालकाची असली तरी. दार दहा वेळा उघडतं, तापमान चढतं आणि तपासणीला आलेल्या माणसाला पहिलं तेच दिसतं.

काउंटर

चिठ्ठी हातात आली की फळीकडं वळायच्या आधी ती पूर्ण वाचा. तारीख, पेशंटचं नाव, वय, औषध, ताकद, किती वेळा, किती दिवस. लहान मूल असेल तर वजन विचारा. अक्षर लागत नसेल तर अंदाज बांधू नका, फोन लावा. "डॉक्टर, जरा खात्री करून घेतो," म्हटलं की बहुतेक डॉक्टर नीट सांगतात. चिडणारेही आहेत, त्यांनाही लावायचाच. फोनवर जे ठरलं ते चिठ्ठीच्या मागं तारखेसह लिहून ठेवा.

चिठ्ठीवरचा ब्रँड नसेल तर 'तेच आहे, कंपनी वेगळी' म्हणून दुसरा हातात देण्याची पद्धत सगळीकडं रुळली आहे. शेड्यूल एच आणि एक्सच्या, म्हणजे फक्त चिठ्ठीवर द्यायच्या, औषधांत डॉक्टरांना न विचारता असा बदल करायला औषध नियमांतला ६५ (११अ) मनाई करतो. इथंही उपाय फोनच.

चार ठिकाणी हात हमखास थांबवायचा.

पहिलं ठिकाण मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदा असते. रोज घेतली तर रक्तपेशी खलास होतात, माणूस जातो. त्यामुळं नुसतं तोंडी सांगून भागत नाही. माझ्याकडं एक काकी येतात, त्यांच्याशी झालेलं पहिलं बोलणं असं:

"काकी, ही रोजची गोळी न्हाई. आठवड्यातनं एकदाच."

"एकदाच? मग चार कशाला दिल्यास रं?"

"महिन्याच्या हायत. वार कुठला लिहू?"

"शुक्रवार लिही. अंबाबाईचा वार, इसरायची न्हाई."

पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त शुक्रवारी, एकच गोळी' असं लिहून दिलं, आणि त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. वाचता येत नसेल तर पुढच्या वेळी मुलाला घेऊन यायला सांगा, आणि तोवर पाकिटावर काहीतरी खूण करून द्या. "कळलं का?" असं कधी विचारू नका. सगळे "व्हय" म्हणतात. "घरी गेल्यावर कशी घेणार, मला सांगा" असं विचारा.

दुसरं, लहान मुलांचं पॅरासिटामॉल. एका वेळचा डोस किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम पुरतात. आता फळीवर बघा. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, दुसऱ्यात ५ मिलीतच २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १००. "मागच्या वेळी एक चमचा दिला होता" म्हणत आईनं थेंबांच्या बाटलीतून ५ मिली पाजलं तर पोटात ५०० गेले. बाटली देताना मिलीचा आकडा त्या मुलाच्या वजनावरून काढा, बाटलीवर लिहा, आणि घरातला चमचा वापरू देऊ नका, टोपणावरचं माप दाखवा.

तिसरं इन्सुलिन. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा मिलीला ४० युनिटचं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. बाटली एक आणि सिरिंज दुसरी असं घडलं की डोस अडीच पट इकडं नाहीतर तिकडं जातो. सिरिंज मागायला आलेल्याला नुसती सिरिंज देऊ नका. बाटलीचा फोटो मागा.

चौथं थायरॉईडची गोळी. सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, कॅल्शियम-लोह चार तासांनी. चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळणाऱ्या बायका शेकड्यानं आहेत. दर तीन महिन्यांनी त्यांचा डोस वाढतो आणि कारण कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

चिठ्ठीशिवाय येणाऱ्यांचं काय, हा इथला खरा पेच आहे. ऊसतोडीच्या हंगामात "अंग मोडून आलंय, दुखण्याच्या चार गोळ्या द्या" म्हणणारी रांग असते. नाही म्हणून घालवून द्यायचं तर तो पुढच्या दुकानात जातो आणि डायक्लोफिनॅक घेऊन येतो. म्हणून आधी चार प्रश्न: बीपी आहे का, किडनीचा त्रास सांगितलाय का, पित्ताचा-अल्सरचा त्रास, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मग योग्य असेल तर पॅरासिटामॉल, आणि "दोन दिवसांत उतार नाही पडला तर दवाखान्यात दाखवा, मामा." एवढं बोलायला दीड मिनिट लागतं.

नायट्यासाठी तिहेरी (बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड एकत्र असलेलं) मलम मागणारेही तसेच. त्यातलं स्टेरॉईड दोन दिवस खाज थांबवतं आणि महिनाभरात नायटा जांघेतून पोटावर चढतो. त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉईड मलमं २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये आली. फळीवर ती समोर दिसतील अशी ठेवूच नका, मागणी निम्मी होते.

तालीम-जिमवाल्या पोरांचं 'ताकदीचं इंजेक्शन' आलं तर सरळ नकार द्या. मेफेंटरमाईन हे भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर वापरायचं औषध आहे. झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं कोडीनवालं सिरप, गर्भपाताचं किट, यांच्यावर 'ओळखीचा आहे' हा शब्द चालवायचा नाही. ओळखीच्याला नकार देताना आवाज चढवू नका. "भावा, लायसन्स जाईल माझं," एवढं म्हटलं की कोल्हापुरात माणूस समजून घेतो. नाहीच समजला तर तो गेलेला बरा.

अँटिबायोटिकच्या पट्टीवर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही याची ती खूण. ती गिऱ्हाइकाला दाखवा. "दोन गोळ्या द्या, बरं वाटलं की बंद करतो" म्हणणाऱ्याला मी कोर्स पूर्ण घ्यायचा नसेल तर एकही देत नाही. अर्थात चिठ्ठी असेल तरच हा विषय.

वह्या

शेड्यूल एच-१ हे १ मार्च २०१४ पासून लागू आहे. वरच्या पिढीतली अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल वगैरे त्यात येतात. त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवायचं: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायचं. बऱ्याच दुकानांत हे रजिस्टर महिन्याच्या शेवटी एकाच पेनानं, एकाच बसक्यात भरलं जातं, आणि निरीक्षकाला ते अक्षरावरून कळतं. औषध हातावेगळं होतानाच ओळ लिहा. शेड्यूल एक्सची औषधं ठेवणार असाल तर परवाना वेगळा, चिठ्ठी दोन प्रतींत, माल कुलपात. गल्लीतल्या दुकानानं त्या वाटेला जाऊ नये.

टीबीचं औषध दिलं की पेशंटची नोंद सरकारकडं कळवणं २०१८ च्या अधिसूचनेपासून औषधविक्रेत्यावरही आहे. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलला) किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात टीबीचं काम बघणाऱ्याचा नंबर भिंतीवर लावून ठेवा. पेशंट मध्येच गोळ्या न्यायला यायचा थांबला तर पहिल्यांदा तुम्हालाच कळणार आहे.

बिल प्रत्येकाला द्या, बॅच नंबरासह. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्यात विषारी कफ सिरपनं लहान मुलं दगावली, तेव्हा देशभर बॅच शोधायची धावपळ झाली. ज्यांची बिलं नीट होती ते संगणकात बॅच टाकून, माल आला होता का आणि कुणाला गेला हे पाच मिनिटांत सांगू शकत होते. औषधाचा दुष्परिणाम दिसला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतं. फार्मासिस्टनं कळवलेलं चालतं, डॉक्टरच लागतो असं नाही.

माणसं

सकाळी आठ ते रात्री दहा दुकान उघडं ठेवणार असाल तर ते चौदा तास होतात. एका फार्मासिस्टनं ते होत नाही. एक तर दुसरा फार्मासिस्ट ठेवा, नाहीतर दुपारी शटर ओढा. दुपारी दोन ते चार कोल्हापूर तसंही झोपतं. फार्मासिस्ट नसताना चिठ्ठीचं औषध जायचं नाही, हा नियम पोरांना पाठ असला पाहिजे, आणि तुमच्या घरच्यांनाही. वडील गल्ल्यावर बसतात आणि "हे रोजचंच आहे, दे की" म्हणतात, तिथं खरी परीक्षा असते.

काम वाटून द्या. माल उतरवणं, मांडणं, बिल करणं, शॉर्टबुक हे मदतनिसाचं. चिठ्ठी वाचणं, औषध अखेरचं तपासून हातात देणं आणि कसं घ्यायचं ते सांगणं तुमचं. गर्दीच्या वेळी हे उलटं व्हायला लागतं. पोरगा औषध देतो आणि तुम्ही पैसे मोजत बसता. गल्ला दुसऱ्याकडं द्या, औषध सोडू नका.

रोज सकाळी दहा मिनिटं पोरांबरोबर उभं राहा. एका दिवशी एकच गोष्ट. आज सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्या, उद्या कोरड्या सिरपमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत कसं भरायचं, परवा ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच का. चुकीचं औषध फळीवरून निघालं आणि तुम्ही पकडलं, तर पोराला गिऱ्हाइकासमोर झापू नका. पुढच्या वेळी तो लपवेल, आणि लपवलेली चूक घरी पोचते. पांढरा ॲप्रन आणि त्यावर नाव-नोंदणी क्रमांक फक्त फार्मासिस्टचा, म्हणजे कुणाला विचारायचं हे गिऱ्हाइकाला कळतं.

हिशोब

किंमत-नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के धरलेले असतात, बाकीच्यांवर रूढीनं २० टक्के. समजा सरासरी १८ टक्के पडले. रोजची विक्री १५,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३,९०,००० ची विक्री आणि ७०,२०० चं मार्जिन. आता समोरच्यानं बोर्ड लावला म्हणून तुम्ही सरसकट १० टक्के सवलत दिली, तर ३९,००० गेले. उरलेल्या ३१,२०० मध्ये भाडं, पगार, लाईट, कर्जाचा हप्ता बसवा. बसत नाही. मग सुरू होते फार्मासिस्टचा पगार वाचवायची युक्ती, आणि आपण पुन्हा भाड्याच्या सर्टिफिकेटवर येतो. दरमहा येणाऱ्या शुगर-बीपीच्या पेशंटला थोडी सवलत द्या, बाकीच्यांना वेळ द्या. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. तो फायदा बिलात दिसला पाहिजे, ती तुमची सवलत म्हणून मिरवू नका.

उधारी द्यावी लागणारच. "उसाचं बिल आलं की देतो" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरंच देतो, फक्त बिल उशिरा येतं. नावावर मर्यादा ठेवा, आणि इन्सुलिन, हृदयाच्या, फिटच्या गोळ्या उधारीसाठी अडवू नका. बाकी सौंदर्यप्रसाधनं, प्रोटीनचे डबे रोखीनंच.

पावसाळा

जुलै उजाडला की राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज बघा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. इशाऱ्याच्या आधीच हालायचं, कारण पाणी चढलं की पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडतो, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पडला, आणि माल यायचा थांबतो. इन्सुलिन, बीपी, हृदय, फिट, दमा आणि थायरॉईड यांचा पंधरा दिवसांचा जादा माल भरा. नेहमीच्या पेशंटना फोन करून महिन्याचं औषध आधी न्यायला सांगा. नदीकाठच्या गावातल्या माणसाला हे सांगितलं की तो चिखलीचा असो वा आंबेवाडीचा, लगेच येतो, त्याला पूर माहीत असतो. फ्रिजसाठी इन्व्हर्टरची बॅटरी जूनमध्येच तपासा आणि बर्फाचे पॅक, थर्माकोलचा डबा हाताशी ठेवा.

पुरानंतर पहिल्या आठवड्यात जुलाब, ताप, पायाच्या बोटांतल्या जखमा आणि चिखल्या येतात. ओआरएस, झिंक, क्लोरीनच्या गोळ्या, जखमेचं साहित्य भरपूर लागतं. पाण्यात उतरलेल्यांना लेप्टोसाठी (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) डॉक्सिसायक्लिन द्यायचं की नाही हे डॉक्टर किंवा आरोग्य खातं ठरवेल. ते लिहून आलं की तुम्ही एवढं सांगायचं: भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, गरोदर असाल तर घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

दुकानात पाणी शिरलंच तर भिजलेला माल वाळवून विकायचा नाही. खोकं कोरडं दिसलं तरी पाण्याच्या रेषेखालचं सगळं बाद. फोटो काढा, नाव-बॅच-नगाची यादी करा, अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवा, विमा कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत माल वेगळ्या खोलीत 'विक्रीसाठी नाही' असं लिहून कुलपात ठेवा. विमा घेतानाच पुराचा समावेश आहे का ते वाचून सही करा. बऱ्याच पॉलिसींत आग आणि चोरीच असते.